मॅथ रॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅथ रॉक म्हणजे नक्की काय?

वाद्यं रॉकचीच: गिटार, बास, ड्रम्स. फरक आहे तो चालीत. बहुतेक रॉक चार मात्रांच्या सरळ ठेक्यावर चालतं. इथे पाच, सात, अकरा मात्रांचे तुकडे येतात, एक तुकडा कानाला सवयीचा होतो न होतो तोच मोजणी बदलते, सगळे एकदम थांबतात आणि भलत्याच जागेवरून पुन्हा उचलतात. कडवं-ध्रुवपद-कडवं हा साचा सहसा नसतो. गाणारा असला तर असतो, नसला तरी कुणाचं अडत नाही. १९८० चं दशक संपताना आणि १९९० च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या लुईव्हिल, पिट्सबर्ग, शिकागो, रिचमंड अशा शहरांतल्या बँडनी या संगीताला आकार दिला.

त्यासाठी गणित यायला हवं का?

नाही. सातापर्यंत मोजता आलं की पुरे, आणि तेही रोज लागत नाही. नावावर जाऊ नका. ज्यांना ते चिकटलं त्यांतल्या बऱ्याच बँडना ते कधीच आवडलं नाही.

मग ऐकताना मात्रा मोजायच्या की नाहीत?

पहिल्यांदा ऐकताना अजिबात नाहीत. मोजायला बसलं की सगळं लक्ष आकड्यांकडे जातं आणि गिटारची ओळ निसटते. खरं तर या ओळी फारशा कागदावर बेतलेल्या नसतात. गिटारवादकाच्या हाताला एक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी ओळ, सापडते, ती चार मात्रांच्या मापाने पाहिली तर अर्धी मात्रा आधीच संपते. दुसरा एखादा बँड ती ओढूनताणून सरळ करेल. मॅथ रॉकचा ड्रमर ती आहे तशीच स्वीकारतो आणि आपला ठेका तिच्या मापाने कापतो. सात किंवा अकरा हा आकडा असा मागाहून येतो.

म्हणून रिफ गुणगुणता येईपर्यंत ती ऐकायची. ती कुठे सुरू होते आणि कुठे परत येते हे तोंडपाठ झालं की मान आपोआप हलायला लागते. मोजायची हौस असेल तर ती त्यानंतर भागवावी.

हे किती सहज होतं याची चाचणी घ्यायची असेल तर 'मिशन: इम्पॉसिबल' या मालिकेचं शीर्षकसंगीत आठवा. लालो शिफ्रिन यांनी १९६६ मध्ये रचलेली ती धून पाच मात्रांची आहे. अर्ध्या मात्रा मोजल्या तर दहा होतात आणि त्यांची वाटणी ३-३-२-२ अशी पडते: दोन लांब, दोन आखूड. जगभर लोक ती न मोजता गुणगुणतात. १९९६ मध्ये चित्रपट आला तेव्हा यूटू बँडच्या अॅडम क्लेटन आणि लॅरी मलन यांनी तीच धून नाचता येईल अशी चार मात्रांत बसवली. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐका. दुसरी गुळगुळीत आहे, पहिलीत धावणाऱ्या माणसाची धाप आहे. त्या गेलेल्या मात्रेने काय नेलं ते तिथे कानाला कळतं, आणि मॅथ रॉक का ऐकायचं याचं अर्धं उत्तरही तिथेच मिळतं.

सगळे वेगवेगळं वाजवतायत असं वाटतं. खरंच तसं असतं का?

काही वेळा, हो. गिटारची ओळ सात मात्रांची आणि ड्रम्सचा ठेका चार मात्रांचा असेल तर दोघं एकत्र सुरू होतात, लगेच एकमेकांपासून सरकतात आणि अठ्ठाविसाव्या मात्रेनंतर पुन्हा एकाच जागी येऊन पडतात. मधल्या सगळ्या प्रवासात गिटारच्या त्याच स्वरांवर ड्रमचा घाव दर वेळी वेगळ्या जागी पडतो, त्यामुळे एकच ओळ चार वेळा चार तऱ्हांनी ऐकू येते. अशा वेळी एकच वाद्य धरून ठेवावं. पुढच्या खेपेला दुसरं धरावं. दोन्ही एकदम धरण्याचा हट्ट पहिल्या दिवशी करू नये.

या संगीताची मुळं कुठे आहेत?

याचं रूढ उत्तर 'प्रोग्रेसिव्ह रॉक' (लांब, अनेक भागांच्या भव्य रचनांचं रॉक) असं आहे, आणि ते फार तर पाव भाग खरं आहे. मॅथ रॉक ज्यांनी उभं केलं ती बहुतेक हार्डकोर पंक वाजवत वाढलेली मुलं होती. या शैलीतल्या सुरुवातीच्या स्लिंट या बँडचे ब्रायन मॅकमॅहन आणि ब्रिट वॉलफर्ड हे लुईव्हिलच्या स्क्विरल बेट या पंक बँडमधले. पंकमधून त्यांनी लहान खोलीत मोठ्याने वाजवणं घेतलं, मोठ्या कंपन्यांकडे पाठ फिरवणं घेतलं आणि सोलोचा कंटाळाही घेतला.

पंकचा वेग आणि साचा मोडायला पंकमधल्याच लोकांनी आधी सुरुवात केली होती. ब्लॅक फ्लॅग या हार्डकोर बँडने १९८४ मध्ये 'माय वॉर' या अल्बमची दुसरी बाजू मुद्दाम संथ आणि जड केली, आणि १९८५ मध्ये 'द प्रोसेस ऑफ वीडिंग आउट' हे संपूर्ण वादनाचं ध्वनिमुद्रण काढलं. कॅनडातल्या नोमीन्सनो या बँडमधले राइट बंधू बास आणि ड्रम्स यांच्या जोरावर पंकला वाकडं वळण देत होते. त्यांचा १९८९ चा 'राँग' हा अल्बम आज ऐकला तर पुढच्या दशकाची चाहूल त्यात स्पष्ट लागते.

त्याहून जुनं मूळ अमेरिकी संगीतकार कॅप्टन बीफहार्ट यांच्या 'ट्राउट मास्क रेप्लिका' या १९६९ च्या अल्बमपर्यंत जातं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, पाच जण पाच खोल्यांत बसून वाजवतायत. प्रत्यक्षात बीफहार्ट पियानोवर तुकडे वाजवत, ड्रमर जॉन फ्रेंच ते उतरवून घेत आणि प्रत्येक वादकाला त्याचा तुकडा शिकवत. तुकड्यांच्या लांब्या जुळत नसत. महिनोन् महिने एका घरात कोंडून घेऊन बँडने ते पाठ केलं. म्हणजे गोंधळ वाटतो तो घोटून घोटून बसवलेला आहे. हाच वारसा मॅथ रॉकने उचलला.

राहिलेला पाव भाग किंग क्रिम्सन या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा, आणि त्यातही १९७३-७४ च्या 'लार्क्स टंग्ज इन अॅस्पिक', 'रेड' यांच्यापेक्षा १९८१ च्या 'डिसिप्लिन'चा अधिक. तिथे रॉबर्ट फ्रिप आणि एड्रियन बेल्यू यांच्या दोन गिटारी जवळपास तीच ओळ वाजवतात, पण मधेच एकीतला एखादा स्वर गळतो आणि दोघी एकमेकींपासून सरकू लागतात. या कल्पनेमागे अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश उभे आहेत. त्यांच्या १९६७ च्या 'पियानो फेज'मध्ये दोन पियानोवादक बारा स्वरांची एकच ओळ वाजवत राहतात, एक जण किंचित वेग वाढवतो आणि एकेक स्वर पुढे सरकत जातो. १९७२ चं 'क्लॅपिंग म्युझिक' तर नुसत्या चार हातांच्या टाळ्यांवर आहे. गिटारच काय, एकही वाद्य नसलेली ही रचना मॅथ रॉकच्या चाहत्याने सगळ्यात आधी ऐकावी असं माझं मत आहे. पाच मिनिटांत कान तयार होतो.

आपल्या तालपद्धतीची सवय असेल तर फायदा होतो का?

होतो, पण अपेक्षेपेक्षा वेगळ्या ठिकाणी. रूपकच्या सात मात्रा ३-२-२ अशा, झपतालाच्या दहा २-३-२-३ अशा. ज्याच्या कानाला हे विभाग ऐकायची सवय आहे त्याला सात किंवा दहा हा आकडा परका वाटत नाही. वर सांगितलेली शिफ्रिन यांची धूनही दहाचीच, फक्त ३-३-२-२. दोन्ही हातावर टाळी देत म्हणून बघा, मात्रा तितक्याच असून चाल किती बदलते ते लगेच कळतं. मॅथ रॉकमध्ये 'हे सातात आहे' एवढ्याने काहीच सांगून होत नाही. ४-३ आहे की २-२-३, यावर सगळं ठरतं.

अडचण पुढे येते. तालात आवर्तन पक्कं असतं. तबलजी ठेका धरून असतो, गायक त्याच्याशी कितीही खेळला तरी सम जागेवर असते आणि तिहाईची गंमतच मुळी त्या भरवशावर उभी असते. मॅथ रॉकमध्ये ठेका धरणारा कुणी असेलच असं नाही. रिफ हाच ताल. रिफ बदलली की ताल बदलला. समेची वाट बघत बसलेला कान इथे दोन-चार वेळा तोंडघशी पडतो, आणि मग हळूहळू ओळीच्या पुनरागमनालाच सम मानायला शिकतो.

या दोन पद्धतींचा थेट संबंध जोडायचा मोह होतो. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांची महाविष्णू ऑर्केस्ट्रा १९७१ मध्ये सुरू झाली, पुढे झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासोबत 'शक्ती' हा बँड आला. जॅझ-रॉकमध्ये विषम मात्रा रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण लुईव्हिलची ती मुलं तिथून आली असं म्हणणं ओढूनताणून होईल.

स्लिंटचं एवढं नाव का घेतात? मला तर त्यात काहीच घडताना दिसत नाही.

त्यांचा 'स्पायडरलँड' हा अल्बम १९९१ मध्ये आला. सहा गाणी, चाळिसेक मिनिटं. तो बाजारात येण्याआधीच बँड फुटला होता आणि वादक जेमतेम विशीतले होते. तेव्हा तो फारसा कुणी ऐकला नाही. गिटारवादक आणि ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी मात्र 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात त्याला दहापैकी दहा तारे दिले, तेही एका शिवीसकट.

काही घडत नाही ही तक्रार रास्त आहे, पण ती सपाट आवाजाची सवय झालेल्या कानाची आहे. गिटार कुजबुजते, कुणीतरी गोष्ट सांगावी तसं बोलत राहतं, गाणं म्हणावं असं क्वचितच. 'डॉन, अमान' या गाण्यात ड्रम्सच नाहीत. मग एखाद्या ठिकाणी, कसलीही सूचना न देता, तीच गिटार दसपट मोठी होते. आवाज वाढवून, दुसरं काही न करता ऐकायचा हा अल्बम आहे. पार्श्वसंगीत म्हणून लावला तर हाती काही लागत नाही, हे मान्य.

मोजणीच्या बाबतीत तो फार अवघड नाही. त्याने पुढच्यांना दिलं ते शांतता आणि स्फोट यांचं प्रमाण. त्यामुळेच पोस्ट-रॉकवालेही (रॉकची वाद्यं घेऊन गाण्यापेक्षा वातावरण उभं करणारे) त्यावर हक्क सांगतात.

आणि डॉन कॅबलेरो?

पिट्सबर्गचा बँड, १९९१ पासूनचा. मॅथ रॉक म्हटल्यावर लोकांच्या मनात जो आवाज येतो तो बराचसा यांचा. डेमन चे हा त्यांचा ड्रमर ड्रम्स मुख्य वाद्यासारखे वाजवतो. गिटार एक छोटी ओळ धरून जागच्या जागी उभी राहते आणि सगळी हालचाल ड्रम्सवर होते. रॉकमधली नेहमीची विभागणी उलटी. 'डॉन कॅबलेरो २' (१९९५) अंगावर येणारा आहे. २००० च्या 'अमेरिकन डॉन'मध्ये इयन विल्यम्सची गिटार लूप पेडलमधून (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारं उपकरण) एकावर एक थर रचते, आणि आवाज एकदम स्वच्छ, जवळजवळ खेळकर होतो.

हा धागा पुढे नेऊन विल्यम्स न्यू यॉर्कच्या बॅटल्स या बँडमध्ये गेला. त्यांच्या २००७ च्या 'मिरर्ड'मधलं 'अॅटलास' हे गाणं या शैलीबाहेर सगळ्यात जास्त पोचलं, आणि गंमत म्हणजे त्याचा ठेका सरळ, झुलता, नाचता येईल असा आहे. ड्रमर जॉन स्टेनियर एक झांज डोक्याच्याही बरीच वर बसवतो. ती वाजवायची तर हात पूर्ण ताणावा लागतो, म्हणून ती क्वचित वाजते, आणि वाजली की सगळ्या सभागृहाला दिसते.

मग हे प्रोग्रेसिव्ह रॉकपेक्षा वेगळं कसं?

प्रोग्रेसिव्ह रॉकला प्रवास घडवायचा असतो: भाग पहिला, भाग दुसरा, सोलो, शेवटी भव्य समाप्ती. मॅथ रॉकला एका छोट्या तुकड्याचं काय काय होऊ शकतं यात रस असतो. शिकागोच्या शेलॅकचा 'अॅट अॅक्शन पार्क' (१९९४) ऐका. तीन माणसं, कोरडा आवाज, खोली जशी आहे तशी ध्वनिमुद्रणात आलेली. त्यांतले एक स्टीव्ह अल्बिनी; ते धातूच्या मानेची गिटार वाजवत आणि पट्टा खांद्याऐवजी कमरेला बांधत. त्यात भव्य काही नाही, सजावट तर नाहीच. अल्बिनी २०२४ च्या मे महिन्यात गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच शेलॅकचा शेवटचा अल्बम आला.

मॅथकोर, जेंट हे यातलेच का?

शेजारी आहेत. मॅथकोर म्हणजे हार्डकोर आणि मेटल यांच्या टोकाला विषम मात्रा. द डिलिंजर एस्केप प्लॅनचा १९९९ चा 'कॅल्क्युलेटिंग इन्फिनिटी' ऐकला की ओळख पटते. जेंट या मेटलच्या प्रकाराचं मूळ स्वीडनच्या मेशुगा या बँडमध्ये. तिथे झांज बहुधा चारच मात्रा मोजत असते आणि गिटार तिच्यावरून वेगळ्या लांबीची ओळ ओढत नेते. झांज धरून ठेवली की निम्मा गोंधळ मिटतो.

गिटारचा आवाज असा टपटप, स्वच्छ का असतो?

हे मुख्यतः २००० नंतरच्या बँडबद्दल खरं आहे. दोन कारणं आहेत. एक, टॅपिंग: तारा छेडण्याऐवजी दोन्ही हातांची बोटं थेट गिटारच्या मानेवर आपटून स्वर काढायचे, म्हणजे पियानोसारखे दोन स्वतंत्र आवाज एकाच वेळी चालवता येतात. कव्हेट या बँडची गिटारवादक यवेट यंग मुळात पियानो आणि व्हायोलिन शिकलेली. तिच्या वादनात डावा-उजवा हात वेगवेगळं बोलतात ते उगीच नाही.

दुसरं, तारा वेगळ्या स्वरांत लावणं. अमेरिकन फुटबॉल या इलिनॉयमधल्या बँडचं 'नेव्हर मेंट' हे १९९९ चं गाणं एफ-ए-सी-जी-सी-ई अशा जुळणीत आहे. तारा नुसत्या मोकळ्या सोडल्या तरी एक उदास, गोड स्वरसमूह वाजतो आणि बोटं मोकळी राहतात. या एका जुळणीवर पुढच्या पिढीने संसार थाटला. याच गाण्यांमुळे मॅथ रॉक आणि मध्य-पश्चिम अमेरिकेतला इमो (पंकमधून निघालेली भावनाप्रधान शैली) यांची सोयरीक झाली. त्यांचा ड्रमर स्टीव्ह लेमोस मधेच ट्रम्पेटही वाजवतो, आणि त्या ट्रम्पेटने 'हे संगीत कोरडं असतं' हा आरोप परस्पर निकालात निघतो.

जपानी बँड इतके का भेटतात?

तिथे ही परंपरा जुनी आहे. तात्सुया योशिदा यांनी रुइन्स १९८५ मध्ये सुरू केला, बहुतेक काळ फक्त बास आणि ड्रम्स घेऊन, म्हणजे स्लिंटच्याही आधी. पण लोकांपर्यंत पोचला तो टोकियोचा टो, २००० पासूनचा. त्यांचं वैशिष्ट्य असं की गिटारी मऊ, जवळजवळ अकूस्टिक, आणि काशिकुरा ताकाशीचे ड्रम्स त्यांच्याखाली सतत उकळत असतात. क्योटोच्या ट्रिकोने २०१० पासून याच वाकड्या मोजणीवर चक्क पॉपच्या चाली बसवल्या. गायिका सरळ गाते आणि खालची जमीन सरकत राहते. तैवानच्या काऊशुंगमधला एलिफंट जिमही याच पंगतीतला. त्यात केटी चांगचा बास पुढे असतो आणि गिटार मागे.

गाण्यांची नावं अशी विचित्र का?

शब्द नसलेल्या गाण्याला काहीही नाव देता येतं, म्हणून. शिवाय गंभीर दिसण्याची पंकवाल्यांना ॲलर्जी. ऑक्सफर्डच्या टीटीएनजीने २००८ च्या 'अॅनिमल्स'मध्ये सगळ्या गाण्यांना प्राण्यांची नावं दिली. अर्थ शोधत बसू नये.

हे फक्त वादकांनी वादकांसाठी वाजवलेलं संगीत आहे का?

काही बँडच्या बाबतीत, दुर्दैवाने, हो. विशेषतः गेल्या काही वर्षांत बोटांचा वेग दाखवण्यासाठी केलेलं बरंच संगीत या नावाखाली खपतं. ते बघायला छान असतं, पण डोळे मिटले की त्यात काही उरत नाही. माझी कसोटी साधी आहे: ऐकून झाल्यावर एखादी तरी ओळ डोक्यात राहिली का? हेला या बँडच्या 'होल्ड युअर हॉर्स इज' (२००२) मध्ये झॅक हिलचे ड्रम्स आणि स्पेन्सर सीमची गिटार यांचा नुसता भडिमार आहे, तरी ओळी राहतात. गायिका-गिटारवादक मार्नी स्टर्नच्या २००७ च्या पहिल्या अल्बमवर तोच हिल ड्रम्सवर आहे आणि वर तिचं किंचाळत, हसत गाणं; कौशल्य आहेच, पण आधी आनंद ऐकू येतो.

सुरुवात कुठून करू?

चाल आवडत असेल तर अमेरिकन फुटबॉलचा १९९९ चा अल्बम, मग टीटीएनजीचा 'अॅनिमल्स'. ताल आवडत असेल तर 'मिरर्ड', मग 'अमेरिकन डॉन', मग टो. ज्यांचं आधीपासून पंक किंवा मेटलवर प्रेम आहे त्यांनी सरळ 'अॅट अॅक्शन पार्क' लावावा. 'स्पायडरलँड' रात्रीसाठी. हेला शेवटी, पहिल्याच दिवशी हेला ऐकून हा प्रकार कायमचा बंद केलेले लोक बरेच असतील.

अलीकडचं हवं असेल तर लंडनच्या ब्लॅक मिडीचा 'श्लागेनहाइम' (२०१९).

वाजवायचं असेल तर?

मेट्रोनोमवर सात मात्रा लावून त्यात काहीतरी कोंबायला जाऊ नका, ते कोंबलेलंच वाटतं. आधी चार मात्रांची एक ओळ तयार करा, ती नीट बसली की शेवटचा स्वर काढून टाका आणि लगेच पुन्हा सुरू करा. तोल जातो. तो जिथे जातो तिथेच ड्रमरला घाव घालायला सांगा. पाय मात्रेवर आपटत राहू द्या, डोकं मात्र ओळीबरोबर जाऊ द्या. तोंडाने म्हणता येत नाही ती ओळ हाताला कितीही जमत असली तरी बँडमध्ये टिकत नाही. म्हणून आधी बोलून बघा, मग वाजवा.